मानेवरची पावडर

बाबा संध्याकाळी फिरून आले तेव्हा त्यांची दाढी केलेली होती. वैजयंतीनं दार उघडलं आणि आधी वास आला, सलूनमधल्या त्या निळ्या लोशनचा, गोडसर आणि नाकाला झोंबणारा. मग ट्यूबलाइटच्या उजेडात चेहरा दिसला. गाल गुळगुळीत, मिशीच्या कडा नीट कापलेल्या, आणि कॉलरच्या आत मानेच्या सुरकुत्यांत पांढरी पावडर. बाबा दाढी घरीच करायचे, सकाळी, खिडकीशी खुर्ची ओढून. काचबिंदूमुळे आरसा त्यांना नावापुरताच लागायचा. सलूनमध्ये ते गेल्याचं तिला आठवत नव्हतं. शिवाय फिरायला जाताना खिशात पैसे नसायचे, फक्त रुमाल, साधा फोन आणि तिचा नंबर लिहिलेलं कार्ड.

"सलूनमध्ये गेला होतात?"

"मी कशाला जातोय? त्यानं नेलं. तुझ्या ऑफिसातल्या मुलानं. तेजस."

चपला काढताना ते भिंतीला हात लावून उभे होते, आणि चेहऱ्यावर एक जुनं, खूश हसू होतं. आई असताना रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून पगाराच्या दिवशी घरी येताना असायचं तसं. वैजयंतीच्या ऑफिसात तेजस नावाचं कुणी नव्हतं. हे तिला लगेच कळलं, आणि तरी तिनं मनात सगळी टेबलं फिरून पाहिली, जाहिरात विभागसुद्धा, खाली गेटवरचा वॉचमनसुद्धा.

बाबा सांगत राहिले. बागेत बाकावर बसले होते, तर हा आला. काका, वैजयंतीताईंचे बाबा ना तुम्ही? मग बसला शेजारी. आपल्या साताऱ्याचं विचारलं, पार्सल ऑफिसचं विचारलं, ऐकून घेतलं सगळं, माझा फोन नंबरही घेतला. मग म्हणाला, काका, दाढी वाढलीय, चला. एसी गाडी. तुर्भ्याला त्याच्या ओळखीचं सलून आहे म्हणे. "वस्तऱ्यानं केली, वैजू. पूर्वीसारखी. काय हलका हात त्या न्हाव्याचा! मान मागं टाकून पडलो होतो, तर डोळाच लागला मला."

"आणि तो? तेजस?"

"तो शेजारीच उभा. म्हणत होता, काका, हलू नका."

"काही निरोप दिला का माझ्यासाठी?"

"निरोप कसला? हां. म्हणाला, ताईंना सांगा, काकांची कातडी फार पातळ झालीय. जपायला पाहिजे."

बाबांना ते वाक्य आवडलं होतं. कुणीतरी आपल्या कातडीचा विचार केला, या आनंदात ते हात धुवायला गेले. वैजयंती दाराशीच उभी राहिली. समोरच्या फ्लॅटमधून कुकरची शिट्टी आली, वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवलं. सानपाड्याच्या या सोसायटीत ती कितीतरी वर्षं राहत होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर इथंच आली, आई गेल्यावर बाबांना इथंच आणलं, आणि या आवाजांकडे तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं. आता प्रत्येक आवाज कुणाचा आहे ते तिला ओळखावंसं वाटत होतं. जेवताना बाबांनी भात कालवायला मान खाली घातली की पावडरची ती रेघ दिसायची. शेवटी तिनं ओला नॅपकिन आणला आणि त्यांची मान पुसली. कातडी खरंच पातळ होती. बोटांखाली शीर उडत होती, सावकाश, कशाचीही घाई नसल्यासारखी. काही वेळापूर्वी दुसऱ्या कुणीतरी ही शीर पाहिली आहे, तिच्यावर पातं ठेवून पाहिली आहे, हे तिला हळूहळू कळत गेलं.

तिनं लिहिलेल्या बातमीचा पहिला भाग आठवड्यापूर्वी त्यांच्या पेपरात छापून आला होता. खाडीकाठच्या तिवरांच्या जंगलात डंपरच्या डंपर बांधकामाचं डेब्रिज ओतलं जातंय, पाण्याची वाट बुजतेय, मासळीची पैदास संपतेय. पहिल्या भागात कुणाचं नाव नव्हतं, फक्त सुमित्राबाईंचं होतं. सुमित्राबाई खाडीवर होडी घालणाऱ्या, नवऱ्यामागं एकट्यानं मासेमारी चालवणाऱ्या. त्या कमरेपर्यंत चिखलात उभ्या राहून बोलल्या होत्या, फोटोही दिला होता. "आमचं पानी गेलं त आमी काय करनार? लिव तू. माजं नाव घालून लिव." दुसऱ्या भागात कंत्राटदाराचं नाव येणार होतं, ज्याचा हसरा चेहरा दहीहंडीपासून वाढदिवसापर्यंतच्या प्रत्येक बॅनरवर असायचा. ती जागा उद्या भरून झाली की तिथं कोण काय बांधणार, हेही येणार होतं. शनिवारी छापायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांना घेऊन पोलीस स्टेशनला गेली. ड्यूटीवरच्या अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी बाबांना पंख्याखालची खुर्ची दिली. "काका, त्यांनी काही त्रास दिला का तुम्हाला?" बाबा म्हणाले, "छे हो. फार भला मुलगा." "जबरदस्तीनं गाडीत बसवलं?" "दार उघडून धरलं माझ्यासाठी." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि वैजयंतीकडे पाहिलं, तिचं म्हणणं त्यांना कळलेलं होतं. "मॅडम, मी लिहू काय यात? दाढी केली?" त्या हसल्या नाहीत. आपला मोबाइल नंबर त्यांनी दिला, काही वाटलं तर फोन करा म्हणाल्या. काही वाटलं तर. रिक्षात बसताना वैजयंतीला वाटलं, आपल्याला तर आता सगळंच वाटतंय. सिग्नलला शेजारी थांबलेली प्रत्येक गाडी वाटतेय, तिच्या काळ्या काचा वाटतायत, आणि लिहिता येण्यासारखं त्यात काहीच नाही.

तिनं धर्मराजला फोन केला. धर्मराज त्यांच्या पेपरचा फोटोग्राफर होता. रबाळ्याच्या एका कारखान्यातून नाल्यात सोडलेल्या पाण्याचे फोटो काढले म्हणून त्याला भर दुपारी रस्त्यावर मारलं होतं. सळईनं. लोक चहा पीत बघत होते. तेव्हा वैजयंती हॉस्पिटलमध्ये गेली होती, आणि त्याच्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघताना आपल्याला काय वाटलं होतं ते तिला नेमकं आठवत होतं. राग वाटला होता, दया वाटली होती, आणि त्या दोन्हींच्या खाली एक थंड समाधान होतं की आपण शब्दांत काम करतो, आपल्याला कुणी रस्त्यावर गाठत नाही. पत्रकारांनी काळ्या फिती लावल्या, निवेदन दिलं, मंत्र्यांनी चौकशीचं आश्वासन दिलं. केस अजून तारखांवर होती. धर्मराजचा उजवा हात खांद्यावर जात नव्हता. तो आता लग्नाचे फोटो काढायचा.

तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याच्या मागं लग्नाच्या हॉलमध्ये कुणीतरी सनईचं रेकॉर्डिंग लावून तपासत होतं.

"शिकले ते," धर्मराज म्हणाला. "मला मारलं तर पहिल्या पानावर बातमी आली त्यांची. आता तुझी बातमी काय येणार? वडिलांना सलूनमध्ये नेलं?"

"मी काय करू?"

"मला नको विचारू, वैजू. मी हो म्हणालो तरी तुला राग येईल, नाही म्हणालो तरी येईल." मग म्हणाला, "बाबांना एकटं सोडू नकोस."

तिनं त्यांना एकटं बाहेर सोडलं नाही. ऑफिसला जाताना बाहेरून कडी घातली. पहिल्या दिवशी बाबांना वाटलं ती विसरली, म्हणून त्यांनी फोन केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार वाजवलं, आधी सावकाश, मग दोन्ही हातांनी. शेजारच्या बाईंनी तिला ऑफिसात फोन करून सांगितलं, "अहो, काका रडतायत. आम्ही उघडू का?" नका उघडू, ती म्हणाली, आणि आपल्या आवाजाचं तिलाच आश्चर्य वाटलं. घरी आली तेव्हा बाबा अंधारात पलंगावर बसले होते. त्यांना दिवा लावायची गरज फारशी नसायची, पण आज तो अंधार मुद्दाम ठेवल्यासारखा होता. "तुझ्या आईनंसुद्धा मला कधी कोंडलं नाही," ते म्हणाले. ती लहान असताना कुर्ल्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एकदा खेळता खेळता कोळशाच्या खोलीत अडकली होती. बाबांनी खांद्यानं दार फोडून तिला बाहेर काढलं होतं, आणि पुढं कितीतरी दिवस त्या खांद्यावर निळा डाग होता. तो डाग ती रोज बोट लावून बघायची. दुखतंय का, विचारायची. ते म्हणायचे, नाही. आज तिनं दिवा लावला आणि काहीच विचारलं नाही. तिला दिसत होतं की तेजस नावाच्या त्या माणसानं पुन्हा यायचीसुद्धा गरज नव्हती. त्याचं काम आता तीच करत होती, रोज सकाळी, स्वतःच्या हातानं.

शुक्रवारी दुपारी ती संपादकांच्या केबिनमध्ये गेली. नंदकिशोर सर तिच्यापेक्षा थोडेच मोठे होते, एकेकाळी त्यांनीच तिला बातमी लिहायला शिकवलं होतं, विशेषणं खोडून खोडून. तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "दुसरा भाग थांबवा, सर. मला नाही जमत." सर खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या मागून काहीतरी सैल झालं, अगदी क्षणभर, घट्ट बुटाची नाडी सोडावी तसं. "बरोबर केलंस," ते म्हणाले. "बातम्या काय, येतच राहतात. माणूस महत्त्वाचा. चार दिवस रजा घे. मी कुणाला काही बोलत नाही, आपल्या दोघांतच राहील."

त्या संध्याकाळी तिनं बाबांना बागेत नेलं. झाडाआड लांब उभी राहून ती बघत राहिली. बाबा बाकावर बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरली, आणि रस्त्याच्या बाजूला कान देऊन वाट बघायला लागले. कुणी आलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. सोमवारी बागेतून परतताना बाबांच्या फोनवर मेसेज आल्याची घंटी वाजली. "बघ गं, कुणाचंय," म्हणत त्यांनी फोन तिच्या हातात दिला. नाव नसलेला नंबर. 'काका, थोडे दिवस गावी आहे. ताईंना थँक्यू सांगा. तेजस.'

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"गावी गेलाय."

"तरीच," बाबा म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं.

ती फुटपाथवर उभी राहिली. शेजारून ट्रक जात होते, खडीचे, तुर्भ्याकडे, आणि जमीन तळव्यांखाली बारीक थरथरत होती. थँक्यू कशाबद्दल? बातमी छापून आली नाही, हे कुणालाही कळलं असतं. पण बातमी उशिरा येऊ शकते, कोर्टाच्या भीतीनं अडकू शकते, जाहिरातीमुळे मागं पडू शकते. ती तिनं स्वतः मागं घेतली, हे एका केबिनमध्ये फक्त दोघांना माहीत होतं. तिला सरांच्या चेहऱ्यावर सैल झालेलं ते आठवलं. घाम आला नाही, संतापही आला नाही. आपण इतकी वर्षं ज्या भिंतीला पाठ टेकून उभे होतो ती भिंत मऊ आहे, आणि तिच्या पलीकडे कुणीतरी बसून आपला श्वास ऐकतंय, असं काहीतरी वाटलं.

मंगळवारी तिनं सरांना विचारलं. आवाज न चढवता. "कुणाला सांगितलंत?"

"मी बाहेर कुणाला नाही सांगितलं." ते टेबलावरची पिन फिरवत होते. "मालकांना सांगावं लागतं, वैजयंती."

"आणि मालकांनी?"

"मी कसं सांगणार? त्यांचे संबंध असतात." मग एकदम वर बघून, जवळजवळ विनवत, "तू सुरक्षित आहेस ना? बाबा आहेत ना? मग झालं तर. काय मिळवायचंय तुला?"

काय मिळवायचंय हे तिलाच माहीत नव्हतं. घरी येऊन तिनं बाबांना सगळं सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं याचं कारण तिनं स्वतःला ते घाबरतील असं दिलं होतं. खरं तर त्यांचा एकुलता एक मित्र हिरावून घ्यायचं धाडस तिला झालं नव्हतं. ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची, त्यांच्याशी औषधांविषयी बोलायची. पार्सल ऑफिसच्या गोष्टी तिनं कधी शेवटपर्यंत ऐकल्या नव्हत्या. त्या माणसानं ऐकल्या होत्या. मग तिनं दुसरा भाग त्यांना वाचून दाखवला. बाबांनी मान तिरकी करून ऐकला. वाचून झाल्यावर त्यांचा हात आपोआप गळ्यापाशी गेला आणि तिथंच राहिला.

"मी झोपलो होतो गं तिथं," ते म्हणाले. आणि मग, "मला साताऱ्याला तुझ्या आत्याकडे सोड. आणि तुला जे करायचंय ते कर. माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस. माझ्यासाठी म्हणून काही थांबवूही नकोस."

ईश्वरी तिची जुनी सहकारी होती, आता मुंबईत एक साप्ताहिक चालवायची. लहान, पण निडर म्हणून ओळखलं जाणारं. दुसरा भाग छापायला ती लगेच हो म्हणाली, फक्त रविवारच्या अंकात घ्यायचं तर गुरुवारपर्यंत सगळं पक्कं हवं. वैजयंतीनं राजीनाम्याचा मेल केला, बाबांची बॅग भरली, औषधं सकाळ-संध्याकाळची वेगळ्या पिशव्यांत घातली, गाडी केली. घाट चढताना बाबा खिडकीला कपाळ लावून बसले होते, वाऱ्याचा वास घेत. लोणावळ्याच्या पुढं तिला आठवलं की सुमित्राबाईंना विचारायचं राहिलंय. दुसऱ्या भागातही त्यांचं नाव होतं. कोणता डंपर कुठल्या आवारातून येतो, ते त्यांनीच दाखवलं होतं. तिनं गाडीतून फोन लावला. रेंज येत-जात होती.

"मावशी, रविवारी येतंय. तुमचं नाव काढू का?"

"काय?"

"नाव. तुमचं नाव काढू का बातमीतून?"

"कशाला काडतंस? पयल्या टायमाला घातलंस ना. सगल्यांना ठावं हाय." मग वाऱ्याचा आवाज, मग पुन्हा, "ऱ्हाऊ दे. तू कुठं हायस?"

"बाबांना साताऱ्याला सोडायला चाललेय. इथं बरं नव्हतं वाटत त्यांना ठेवणं."

"बरा करतंस," सुमित्राबाई म्हणाल्या. फोन कट झाला. वैजयंतीनं फोन पर्समध्ये टाकला आणि तिला हलकं वाटलं. दुसऱ्यांदा विचारावं, नीट समजावून विचारावं, असं एकदा मनात आलं आणि बोगद्याच्या अंधारात निघूनही गेलं.

रविवारी बातमी आली. सकाळपासून तिचा फोन वाजत होता. जुने सहकारी, एक वकील, पाणथळ जागांसाठी लढणारे दोघे. धर्मराजनं फक्त एक अंगठा पाठवला. सोमवारी महापालिकेनं पाहणीचं पथक जाहीर केलं. ती आतून दोन कड्या घालून बसली होती. दरवाजाच्या भिंगातून जिना बघायची, गॅलरीतून खालचं पार्किंग बघायची, दुधाची पिशवी वॉचमनला वर आणायला सांगायची. लिफ्ट तिच्या मजल्यावर थांबली की सगळं अंग कान व्हायचं. साताऱ्याला सकाळ-संध्याकाळ फोन करायची. बाबा ठीक होते, आत्याशी भांडत होते. कुणी आलं नाही. मंगळवारीही कुणी आलं नाही. भीतीसुद्धा थकते, हे तिला नव्यानं कळत होतं. दुपारी तिला खुर्चीतच डुलकी लागली, इतकी गाढ की फोन वाजल्याचं आधी स्वप्नातच ऐकू आलं.

फोनवर खाडीकाठच्या गावातली श्रुती होती, सुमित्राबाईंची पुतणी. ती फार हळू बोलत होती. "ताई, तुम्ही येता का? काकू काही बोलतच नाय."

रिक्षावाला गावच्या बंदरापर्यंत जायला तयार नव्हता, पुढचा रस्ता चिखलाचा होता. ती चालत गेली. ओहोटी लागलेली, चिखलावर निवट्या जातीचे मासे उड्या मारत होते, आणि कडेच्या तिवरांवर सिमेंटची धूळ बसून पानं करडी झाली होती. होड्या लावायच्या जागेवर गावातली माणसं उभी होती, एकमेकांपासून लांब लांब, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिला बघून दोघं-तिघं वळले आणि निघून गेले. जिथं सुमित्राबाईंची होडी असायची तिथं आता डेब्रिजचा ढीग होता. फुटक्या टाइल्स, भिंतींचे तुकडे, एका बाथरूमची गुलाबी फरशी, वाकलेल्या सळया. पुरुषभर उंच. पहाटे डंपर आले होते, एकामागून एक, आणि बरोबर तिथंच रिकामे झाले होते. शेजारच्या होड्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. ढिगाच्या पायथ्याशी निळ्या रंगाचं एक टोक बाहेर आलं होतं, होडीच्या पुढच्या नाळेचं, आणि त्याच्यावर वाळलेल्या झेंडूची माळ अजून होती. पाहणीचं पथक येऊन गेलं होतं. त्यांनी फोटो काढले होते.

सुमित्राबाई ढिगाकडे पाठ करून बांधावर बसल्या होत्या. उजव्या हाताला ओढणीचा कपडा गुंडाळलेला होता आणि त्यातून रक्त येऊन वाळलेलं होतं. श्रुती म्हणाली, त्या डंपरच्या आडव्या गेल्या होत्या, कुणीतरी ढकललं. नाव सांगत नाहीत. दवाखान्यात यायला तयार नाहीत.

वैजयंती त्यांच्या शेजारी बसली. खाडीच्या पलीकडे मोठाल्या इमारती उन्हात चमकत होत्या. तिला खूप काही बोलायचं होतं. माफी होती, संताप होता, ईश्वरी वकील देईल हे होतं, नवी होडी होती, पुन्हा लिहीन हे होतं. ते सगळं तिनं मनात जुळवून पाहिलं, आणि प्रत्येक वाक्य स्वतःच्या बाजूचं निघालं. दोन कड्या घालून आपण दारामागे बसलो होतो, ज्या दाराशी कुणी येणारच नव्हतं. त्या माणसांना नेमकं माहीत होतं कुठं जायचं. नाव आणि फोटोसकट आपणच छापलं होतं.

"मावशी," ती शेवटी म्हणाली.

सुमित्राबाईंनी मान वळवली. डोळे लाल होते पण कोरडे. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, बराच वेळ, जणू ही कोण हे आठवत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उपरोधही नव्हता. खरंच विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं,

"तुजा बाबा बरा हाय ना?"

वैजयंतीनं हो म्हटलं.